शंकासुराचं कुलूप

काही माणसं जन्मतःच रडत नाहीत, आधी आजूबाजूला कोण कोण आहे ते बघून घेतात. आमचा मिस्त्री त्यातला असावा. त्याला शंकासुर हे नाव त्याच्या मेव्हण्याने ठेवलं, आणि ते इतकं चपखल बसलं की पुढे सगळ्या गल्लीने ते उचललं. तोंडावर मात्र सगळे मिस्त्रीच म्हणायचे. तोंडावर शंकासुर म्हटलं असतं तर हे नाव आणखी कोणाकोणाला सांगितलंस, कधी सांगितलंस आणि का सांगितलंस, याची उलटतपासणी झाली असती.

त्याचा धंदा फुंकून वाजवायच्या वाद्यांच्या दुरुस्तीचा. सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, ट्रम्पेट. भोकांवरची झाकणं नीट न बसून हवा गळते, त्यांच्याखालच्या चामड्याच्या गाद्या झिजतात, स्प्रिंगा सैल पडतात, पितळेला पोचे येतात. ते सगळं तो असं नीट करायचा की कुठे हात लागला होता ते दिसायचं नाही. पियानोही जुळवायचा. हात सोन्याचा. डोकं? आता डोक्याचंच तर सांगायचंय.

हा संशय काही हवेतून आलेला नव्हता, एवढं त्याच्या बाजूने कबूल केलंच पाहिजे. तरुणपणी तो एका मोठ्या दुकानात कामाला होता. क्लॅरिनेटचं एक झाकण दमट हवेत नेहमी चिकटतं, त्यावर याने एक बारीकशी वाकडी स्प्रिंग बसवून बघितली आणि चिकटणं कायमचं बंद झालं. पोराने आनंदाने मालकाला दाखवली. मालकाने पाठ थोपटली, मिठाई दिली, आणि पुढच्या हंगामात ती स्प्रिंग मालकाच्या नावाने बाजारात आली. याने विचारलं तर मालक म्हणे, अरे, दुकानात जे सुचतं ते दुकानाचं. झालं! दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हा पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागला.

लग्न ठरण्याआधी मुलीकडच्यांनी सांगितलं की मुलीचा हात फार सफाईदार आहे. याने खिशातून चामड्याचा तुकडा काढला आणि म्हणाला, यातून गोल कापून दाखवा. मुलीने कात्री मागितली आणि गर्रकन कापून दिला, याने स्वतः कापला असता त्याहून गोल. कुणीही खूश झालं असतं. हा घरी जाऊन आईला म्हणाला, तिला आधीच कुणीतरी सांगितलं असणार. तरीही लग्न केलं, हे बरं झालं. कारण त्यानंतर त्याच्या सगळ्या गाद्या तिनेच कापल्या, आणि त्याचं सगळं आयुष्यही तिनेच नीट बेतून दिलं. त्याला ते कळलं नाही, हा भाग वेगळा.

घर दुमजली. वर बिऱ्हाड, खाली मागच्या बाजूला कामाची खोली, आणि पुढे रस्त्याकडे एक मोठी रिकामी खोली, तिच्यात कुणाचा तरी न नेलेला पियानो. मेव्हणा शहरबस चालवायचा आणि ड्रम वाजवायचा. त्याच्या शेजाऱ्यांनी हात जोडले तेव्हा बहिणीने त्याचे ड्रम या खोलीत आणून ठेवले. नवऱ्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो वर्षभर विचारच करत बसला असता. मग दर रविवारी दुपारी तिथे चौघं जमायला लागली. मेव्हणा ड्रमवर. दातांची डॉक्टरीणबाई सॅक्सोफोन घेऊन; आठवडाभर लोकांना तोंड उघडा म्हणायच्या आणि रविवारी स्वतःचं बंद करून फुंकायच्या. ट्रम्पेटवर पोस्टमन, आणि पियानोवर गणिताचे निवृत्त सर. शंकासुराने फार खळखळ केली नाही. त्याचं म्हणणं, शत्रू डोळ्यासमोर असलेला बरा.

डोळ्यासमोर म्हणजे दाराच्या फटीसमोर. तो स्वतः कधी त्यांच्यात बसला नाही. मधलं दार बोटभर उघडं ठेवून कामाच्या खोलीत बसायचा आणि ऐकायचा.

ते लोक जॅझ वाजवायचे, म्हणजे जॅम करायचे. आता त्याचा प्रकार काय असतो, ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. कागद नाही, पुढारी नाही, तू हे वाजव आणि तू ते वाजव असं सांगणारा कुणी नाही. सुरुवातीला सगळे मिळून एक चाल वाजवतात. मग पाळीपाळीने एकेकजण पुढे होतो आणि त्याच चालीवर त्याला त्या घडीला सुचेल ते वाजवतो, बाकीचे खालून त्याला धरून ठेवतात. एकाने वाक्य अर्धं सोडलं तर दुसरा पुरं करतो. आणि सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे कुणाचा सूर चुकला तर दुसरा लगेच तोच चुकलेला सूर मुद्दाम वाजवतो, मग तिसराही, आणि बघता बघता तो चुकलेला राहतच नाही. जणू आधीपासून तसंच ठरलं होतं. सर म्हणायचे, वर्गात एवढं जमलं असतं तर मी एकाही पोराच्या गणितावर फुली मारली नसती.

शंकासुराला यातलं काहीच पटायचं नाही. पुढारी नाही म्हणजे पुढारी लपलेला आहे. दुसऱ्याचा चुकलेला सूर वाजवतात म्हणजे चिडवतात. आणि आणखी एक गोष्ट त्याला फार खटकायची. दर रविवारी एकदा तरी असं व्हायचं की चौघांच्या पाळ्या झाल्यावर सगळे एकदम थांबायचे. फक्त मेव्हणा ड्रमवर हलकं हलकं चालू ठेवायचा, आणि बाकीचे तिघं मधल्या दाराकडे बघायचे. थोडा वेळ असं जायचं, मग पुन्हा सगळे मिळून वाजवायचे. माझ्याबद्दलच खुणा करतात, हे त्याने पहिल्याच वेळी ओळखलं. नाहीतर दाराकडे बघायचं कारण काय?

डॉक्टरीणबाईंनी त्याला एकदा विचारलंही होतं, काका, तुम्ही का नाही बसत आमच्यात? तर याने उलट विचारलं, तुम्हाला हे विचारायला कुणी पाठवलं? त्या बिचाऱ्या दातांच्या डॉक्टर असून त्यांचीच दातखीळ बसली. त्यानंतर कुणी विचारलं नाही.

त्याच्याजवळ एक चाल होती. स्वतःची. तरुणपणी त्या दुकानातून बाहेर पडला त्या सुमारास सुचलेली, आणि तेव्हापासून तो ती पोटाशी धरून होता. स्प्रिंग गेली ती गेली, पण ही चाल कुणाला मिळू द्यायची नाही, हा त्याचा पणच होता म्हणा. चाल छान सुरू व्हायची, एक वळण घ्यायची, वर चढायची आणि मग थांबायची. मधला भागच सुचत नव्हता. तारुण्य गेलं, केस गेले, पण मधला भाग काही आला नाही. तो कधी आला की मग चाल पुरी करून, तिच्यावर आपलं नाव घालून, मगच जगाला ऐकवायची, असं त्याने ठरवलं होतं. एवढ्या आयुष्यात माझं म्हणून हे एकच आहे, असं तो बायकोला अंधारात दोन-चार वेळा म्हणाला होता. उजेडात असं काही बोलणारा तो नव्हे.

आणि एका रविवारी दाराच्या फटीतून ती चाल आत आली.

आधी त्याला वाटलं भास आहे. मग डॉक्टरीणबाईंच्या सॅक्सोफोनवर ते वळण आलं, ते चढणं आलं, आणि जिथे थांबायची तिथेच थांबली. याच्या हातातला पेचकस खाली पडला. पहिल्यांदा राग नाही आला, खरं सांगायचं तर रडू आलं. कुणी घरात शिरून आईचा फोटो उचलून न्यावा, तसं झालं त्याला.

राग नंतर आला, पण आला तो मुक्कामालाच. त्याने बायकोला सांगितलं, यांच्यातला एक चोर आहे. बायको गाद्या कापत होती. ती म्हणाली, तुम्हीच कधी ऐकवली असेल. हा उसळला. मी? मी जन्मात कुणाला ऐकवलेली नाही. तिने कात्री खाली ठेवली, त्याच्याकडे जरा वेळ बघितलं, आणि पुन्हा कात्री उचलली.

आता ती तशी का बघत होती, ते ऐका. शंकासुराची कामाची एक रीत होती. कुठलंही वाद्य दुरुस्त करायचं ते गिऱ्हाइकाला समोर स्टुलावर बसवूनच. का? तर उद्या म्हणायला नको की मिस्त्रीने भाग बदलले. काम सुरू करण्याआधी खिडकी घट्ट लावून घ्यायचा, का, तर रस्त्यावरून कुणी डोकावायला नको. आणि काम झालं की वाद्य तोंडाला लावून तपासायचा. तपासताना लोक कुठलीतरी ओळखीची धून वाजवतात. पण ओळखीच्या धुनेत कान फसतो, खोट असली तरी मन भरून काढतं, असा त्याचा अनुभव. म्हणून तो स्वतःचीच चाल वाजवायचा. तिचा केसन् केस त्याला ठाऊक, झाकण जराही गळत असेल तर लगेच कळायचं. शिंपी टेप लावतो तसं हात ते आपोआप करायचे. ते वाजवणं आहे, ऐकवणं आहे, हे त्याच्या गावीच नव्हतं. खिडकी लावलेली, आणि गिऱ्हाईक आत, समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसलेलं! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

बायकोने हे त्याला का नाही सांगितलं? सांगून बघितलं की. पण त्याच्याशी बोलणं म्हणजे कोर्टात साक्ष देणं. तिने विचार केला असेल, बघू दे स्वतःच्याच डोळ्यांनी.

त्याने मात्र दुसऱ्याच दिवशी बाजारात जाऊन एक मोठं कुलूप आणलं. पुढच्या खोलीला. चोर कोण ते सर्वांसमोर उघडं पाडायचं आणि खोली कायमची बंद करायची. मेव्हण्याचे ड्रम पुन्हा त्याच्या घरी. बायको कुलूप बघून एवढंच म्हणाली की माझा भाऊ आठवड्यातून एकदा पोटभर जेवतो तो या रविवारमुळे, तेवढं लक्षात असू द्या. यावर त्याने, तोच तर पहिला संशयित, असं म्हणून विषय संपवला.

पण पुरावा हवा. पुराव्यासाठी त्याने सापळा लावला, आणि सापळा होता मोठा नामी. प्रत्येकासमोर, कामात गुंग असल्यासारखं दाखवून, चालीचं शेवटचं वळण नकळत गुणगुणायचं. पण प्रत्येकासमोर त्यात एक वेगळी चूक करायची. रविवारी ज्याची चूक वाजेल तो चोर.

संशयितही आपणहून चालत आले. हल्ली ते फारच येत होते, हीसुद्धा त्याच्या मनातली एक नोंद होती. डॉक्टरीणबाई आल्या, म्हणाल्या झाकण चिकटतंय. त्याने बघितलं, काही चिकटत नव्हतं. मग आल्या कशाला? हत्यारं बघायला, दुसरं काय! त्याने उगाच एक स्प्रिंग काढून घातली, आणि तसं करताना चाल गुणगुणला आणि शेवटचा सूर जिथे थांबवायचा तिथून अर्धा वर नेला. बाईंनी मान किंचित वर केली. हं! याने मनात खूण केली. मग सॅक्सोफोन तपासताना हातांनी नेहमीप्रमाणे नेहमीचं केलं, तिकडे त्याचं लक्षच नव्हतं.

पोस्टमन आला, म्हणे ट्रम्पेटचं मधलं बटण अडकतंय. तेही अडकत नव्हतं. याने त्याच्यासमोर शेवटचा सूर खाली उतरवला. पोस्टमन पायाने ताल धरून बसला होता, त्याचा पाय मध्येच थांबला. सरांच्या बाबतीत हा स्वतःच पियानो जुळवायच्या निमित्ताने पुढच्या खोलीत गेला. सर रिकाम्या वेळी तिथेच पेपर वाचत बसायचे. त्यांच्यासमोर शेवटचा सूर लांबवला, नको तितका, मिशीतल्या मिशीत. राहिला मेव्हणा. तो रात्री जेवायला आला होता. त्याला सुराचं काय कळतंय, म्हणून याने त्याच्यासमोर ताल लंगडा केला, मध्येच एक ठोका गिळून टाकला. मेव्हण्याचा घासही घशात अडकला. बहिणीने पाणी दिलं.

आता चौघांच्या गळ्यात चार घंटा बांधून झाल्या होत्या. शंकासुर त्या आठवड्यात बरा झोपला.

रविवारी दुपारी तो मधल्या दाराशी उभा राहिला. एका हातात कुलूप. बायको मागे गाद्या कापत होती, पण कात्रीचा आवाज फार हळू येत होता.

त्यांनी ती चाल धरली. सुरुवात झाली, वळण आलं, चढण आली. आणि जिथे थांबायची तिथे डॉक्टरीणबाईंनी सूर अर्धा वर नेला. सापडली! शंकासुराने कुलूप घट्ट पकडलं. बाई शिकलेली, सभ्य, आणि असा उद्योग! तो दार लोटणार इतक्यात पोस्टमनने तोच वरचा सूर घेतला. म्हणजे हाही सामील? पण पोस्टमन तिथे राहिला नाही. तिथून तो खाली उतरला, नेमका त्याच्यासमोर उतरवलेल्या त्या सुरावर. बाईंनी तो खालचा सूर घेऊन त्याला उत्तर दिलं. वर जाऊन त्यांनी विचारलं, खाली येऊन त्याने सांगितलं. मग सरांनी पियानोवर तो लांबवलेला सूर दिला, नको तितका लांब, आणि त्याच्या आधारावर ते दोघं वरखाली फिरायला लागले. मेव्हणा एक ठोका गिळत होता. तो लंगडा ताल आता लंगडत नव्हता, चालता चालता माणूस दारात क्षणभर थांबतो ना, तसा वाटत होता.

चारही घंटा वाजल्या होत्या. चौघंही चोर.

पण शंकासुराने दार लोटलं नाही. कारण त्याच्या कानांनी, ते कान काही संशयी नव्हते बरं का, फार प्रामाणिक कान होते, त्या कानांनी त्याला सांगितलं की हा मधला भाग आहे. हाच. तारुण्यापासून ज्याची वाट बघितली तो. त्याच्याच खोट्या सुरांतून, त्याने चोर पकडायला पेरलेल्या चुकांतून, ही चार माणसं तो शिवून काढत होती, आणि कुठला टाका कुणाचा ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग चाल पुन्हा वर आली, सगळ्यांच्या पाळ्या झाल्या, आणि नेहमीसारखे ते थांबले. मेव्हणा हलकं हलकं वाजवत राहिला. तिघं दाराकडे बघायला लागले.

याने दार लोटलं. आत गेला. कुलूप उगारल्यासारखा हात वर होता, तो त्याने बघितला आणि खाली घेतला. मग म्हणाला,

"ही चाल माझी आहे."

कुणी दचकलं नाही. मेव्हण्याने ड्रम थांबवलेही नाहीत. सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "हो. मग वाजवा ना. दर रविवारी तुमची जागा रिकामी ठेवतो आम्ही. किती दिवस ठेवायची?"

"लवकर काय ते ठरवा, दाजी," मेव्हणा म्हणाला, "हात भरून आले."

शंकासुराला बोलायचं खूप होतं. तुम्ही ऐकली कुठे? कधी? कुणी ऐकवली? तोंड उघडलंही होतं. पण डॉक्टरीणबाई, ज्यांना तोंड उघडलेली माणसं रोजची, त्या हळूच म्हणाल्या, "काका, तुम्हीच तर ऐकवली. दर वेळी. स्टुलावर बसवून."

त्याला खिडकी आठवली असेल, स्टूल आठवलं असेल, सगळं एकदम आठवलं असेल. चेहरा असा झाला की पोस्टमनने दुसरीकडे बघितलं. इतक्या वर्षांत कुणी चोरी केली नव्हती. दार उघडं होतं, आणि उघडं टाकणारा तोच होता. एखाद्याला याची लाज वाटली असती. त्याला आधी फार थकवा वाटला. मग, कुठूनतरी, हलकं वाटलं.

मागून बायको आली. तिने त्याच्या हातातलं कुलूप काढून घेतलं आणि त्याच हातात क्लॅरिनेट दिलं. कुणाचं तरी दुरुस्तीला आलेलं होतं, काम झाल्याबरोबर गिऱ्हाईक उद्या येतो म्हणून उठून गेलेलं. तपासायचं राहिलं होतं.

त्याने ते तोंडाला लावलं. आयुष्यभर बंद खिडकीच्या खोलीत वाजवणारा माणूस, माणसांसमोर पहिल्यांदा जाणूनबुजून वाजवतोय, श्वास काबूत राहील कसा? सुरुवात ठीक झाली. वळणही आलं. आणि चढणीवर, जिथे आयुष्यात कधी चुकला नव्हता, तिथे बोट घसरलं आणि सूर सपशेल चुकला. सापळ्यातली चूक नव्हे. खरी.

खोलीत तो सूर तसाच लटकला. मग पोस्टमनने ट्रम्पेटवर तोच चुकलेला सूर वाजवला.

शंकासुराचे डोळे बारीक झाले. चिडवतो काय? जुना नाग लगेच फणा काढून उभा राहिला. त्याने क्लॅरिनेट तोंडापासून अर्धं काढलंही. तोच डॉक्टरीणबाईंनी तो सूर घेतला, सरांनी त्याच्याखाली पियानोवर हात ठेवला, आणि तो चुकलेला सूर त्या हातावर अलगद बसला, जसा तिथेच बसायला आला होता. कुणी हसलं नाही. सगळे त्याच्याकडे बघत होते, पुढे काय म्हणतोस, असं.

त्याने क्लॅरिनेट पुन्हा तोंडाला लावलं आणि पुढे गेला.

वाजवणं संपल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला तो हाच, की मधला भाग कोणाचा? स्वभाव काय एका दुपारी जातो? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुरुवात पोस्टमनने केली. पोस्टमन म्हणाला, छे, सरांनी. सर म्हणाले, मला तर वाटलं मिस्त्रींनीच परवा मला सुचवलं, चाल पुढे कशी न्यायची ते. मेव्हणा म्हणाला, माझ्याकडे बघू नका, मी फक्त जेवत होतो. शंकासुर एकेकाचा चेहरा बारकाईने बघत राहिला. खोटं बोलणारा माणूस त्याला कळायचा. त्या दिवशी एकही सापडला नाही. तो सापळ्याचं काही बोलला नाही, आणि इतर कुणीही विचारलं नाही. बायकोला मात्र ठाऊक असावं, कारण ती गाद्या कापताना एकटीच हसत होती.

ते कुलूप अजून त्याच्या खणात आहे. टाकून देईल तो शंकासुर कसला.

जाताना पोस्टमन दारात घुटमळला. मग मागे फिरून त्याने ट्रम्पेट टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, मिस्त्री, मधलं बटण पुन्हा जरा अडकतंय, बघाल का? शंकासुराने बटण दाबलं. ते लोण्यासारखं खाली गेलं, लोण्यासारखं वर आलं. त्याने पुन्हा दाबलं. काही नव्हतं. मागच्या वेळीही नव्हतं. त्याच्या आधीच्या वेळीही नव्हतं. डॉक्टरीणबाईंचं झाकणही कधी चिकटलं नव्हतं. ही माणसं चांगली वाद्यं घेऊन येत होती, स्टुलावर बसत होती, आणि चाल कुठपर्यंत आली ते ऐकून जात होती.

तो बराच वेळ ते बटण दाबत राहिला, जणू खरंच काही शोधतोय.

"अडकतंय खरं," शेवटी म्हणाला. "वेळ लागेल. गुरुवारी या. आणि बसायच्या तयारीने या."